रिकामा बाक

मंदाकिनी हे तिचं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं. डोंबिवलीतल्या आमच्या तीन मजली बिल्डिंगला ती मंदामावशी. एकटी राहायची. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. डॉक्टर तासभर येत. बाकीचा दिवस कामगार आणि ही. त्यामुळे सर्दी, अंगदुखी, खरचटणं यांवर काय द्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे तिला पाठ होतं. तेच तिने आमच्याकडूनही पाठ करून घेतलं.

"सर्दीसाठी खाडा करायचा नाही आणि छातीत कळ आली तर कामावर जायचं नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. बिल्डिंगीत निम्मे लोक रोजंदारीवर. साध्या पडशासाठी अर्धा दिवस दवाखान्यात बसायचं म्हणजे त्या दिवसाची भाजी बुडाली. तिने बायकांना थर्मामीटर बघायला शिकवलं, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला शिकवलं. ताप तीन दिवसांत उतरला नाही तर माझं तोंड बघू नका, डॉक्टरकडे जा, म्हणायची. शेजारच्या भाऊंनी आपल्या औषधातल्या उरलेल्या चार कॅप्सूल 'पुढच्या तापाला होतील' म्हणून श्रीखंडाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. मावशीने भर जिन्यात त्यांची बिनपाण्याने केली. मला तेव्हा ती महाआगाऊ वाटायची. आज लिफ्टमध्ये शेजाऱ्याचं नावही माहीत नसतं, तेव्हा तो जिना आणि ती बोलणी फार आठवतात.

मी पाचवीत असताना गटाराचं पाणी नळाच्या पाइपात शिरलं आणि दोन दिवसांत जुलाबांनी अख्खी बिल्डिंग आडवी झाली. मावशीने रजा टाकली. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. नुसतं सांगून ती थांबली नाही. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरात जाऊन त्या पाण्याची चव घ्यायची. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्या, म्हणायची. तेवढ्यावर बहुतेक लोक घरच्या घरी उठून बसले.

आमच्याकडे क्षिप्रा, माझी बहीण, दीड वर्षाची. सकाळी मावशी चव घेऊन गेली, पाणी ठीक होतं. दुपारी जुलाब थांबेनात, तेव्हा आई घाबरली. जास्त टाकलं तर जास्त गुण येईल, म्हणून तिने नव्या पाण्यात मीठ दुप्पट घातलं आणि चमच्याचमच्याने पाजत राहिली. पोर मलूल होत गेली. बाबा कामावर होते. संध्याकाळी मावशी येईल, ती सांगेल तसं करू, असं आई मला दहादा म्हणाली.

संध्याकाळी मावशी फेरीला आली. चमचा जिभेला लावला आणि सगळं पाणी मोरीत ओतलं. आईला एका शब्दाने बोलली नाही. शू कधी केली, एवढंच विचारलं. सकाळपासून नाही. तिने क्षिप्राच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

"सरोज, हे आता घरचं काम नाही," ती आईला म्हणाली आणि पोरीला उचलून अनवाणी निघाली. मागे आई, आईच्या मागे मी.

चौकातल्या डॉक्टरांचा बाक रिकामा होता. आम्ही थेट आत गेलो आणि लगेच सलाईन लागलं. दोन तासांनी क्षिप्रा रडली. पोरीचं रडणं ऐकून एवढा आनंद झालेला मी परत कधी पाहिला नाही. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "मावशी, तुमची अख्खी बिल्डिंग आज इथे बसली असती, तर ही पोर रांगेतच गेली असती."

त्यावर मावशी बाकावर बसली आणि हमसून हमसून रडली. आम्हाला वाटलं, दोन दिवसांची दमणूक.

मावशी आता टिटवाळ्याला भाच्याकडे असते. क्षिप्राला मुलगी झाली, म्हणून गेल्या रविवारी मी मावशीकडे पेढे घेऊन गेले होते. बोलता बोलता त्या संध्याकाळचा विषय निघाला. तू एवढी का रडलीस गं, मी सहज विचारलं.

मावशीने हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

"माझा संदेश असाच गेला," ती म्हणाली. "रांगेत माझ्या पुढे अकरा जण होते. सगळ्यांना नुसती सर्दी."

तिला मुलगा होता, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.