खालून येणारं हसू

कल्पना करा, तुम्हाला आपल्या नवऱ्याच्या शेजारी बसून एक हसता-खेळता प्रेमाचा सिनेमा बघायचा आहे. त्यात काय मोठंसं, म्हणाल. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या विजयाबाईंना विचारा. मुलगी कमावती झाली, गाव राज्याची राजधानी झालं, तरी त्यांना एवढं जमलं नव्हतं.

तसे सिनेमे पुष्कळ पाहिले होते. त्या लग्न होऊन अमरावतीहून आल्या तेव्हा अख्खं घर टॉकीजला निघायचं. पण बायका वर, लेडीजमध्ये. त्यांचा जिनाही वेगळा. पुरुष खाली. त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव रेल्वेच्या ऑफिसात. घरात मोजकं बोलायचे, हसले तर मिशीच्या आतल्या आत. आईसमोर तेवढंही नाही. पण पडद्यावर नायकाची फजिती झाली की खालच्या अंधारातून त्यांचं हसू उठायचं. आधी एक हुंकार, मग उचक्या, आणि मग कुकरची शिटी सुटावी तसं! मोठी जाऊ वनमाला कोपरानं ढोसायची, “ऐक वं, तुझा रेडिओ लागला.”

नव्या नवरीला ते हसू पाठ झालं. चेहरा मात्र कधी दिसला नाही. पुढे घरात टीव्ही आला, टॉकीज सुटली. टीव्हीसमोर यज्ञेश्वरराव डुलक्या काढायचे. असा खदाखदा हसताना आपला माणूस दिसतो तरी कसा, हे एकदा डोळ्यांनी बघायचं विजयाबाईंचं राहूनच गेलं.

म्हणून लग्नाच्या वाढदिवशी मुलीनं, इरावतीनं, विषय काढला तेव्हा त्यांनी लगेच कान टवकारले.

“आई, नया मल्टीप्लेक्स खुला है. मस्त कॉमेडी लगी है. जाओ ना, सिर्फ तुम दोनों.”

“अन् तू?”

“डेट पे कोई बेटी को ले जाता है क्या?”

“चूप बस, पोट्टे!” म्हणत विजयाबाईंनी कपाटातली जांभळी कोसा सिल्कची साडी काढलीसुद्धा.

तिकिटं काढायला यज्ञेश्वरराव स्वतः गेले. विजयाबाई तोवर सरकत्या जिन्यावर पाय ठेवायची हिंमत गोळा करत होत्या. आत शिरल्यावर दारावरच्या मुलानं तिकिटांवर टॉर्च मारला. “आंटी, आप सबसे पीछे. अंकल, आप आगे.”

“अहो, हे काय?”

“काय म्हणजे? तुले मागं, लेडीजमंधी. मले समोर. खिडकीवरची पोरगी विचारून राहिली होती, साथ में दूं क्या अंकल. मी म्हटलं, नाही बेटा, आमच्यात तसं नाही बसत.” मोठी मोहीम फत्ते करून आल्यासारखे ते पुढे निघूनही गेले.

विजयाबाई तणतणत मागच्या रांगेत बसल्या. एका बाजूला हातात हात घातलेलं एक तरुण जोडपं, दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी. अंगावरच्या कोसा साडीची त्यांना लाज वाटायला लागली. आणि तेवढ्यात पडद्यावरचा नायक घोडीवर बसून चुकीच्याच मांडवात शिरला.

खालून हुंकार आला. मग उचक्या. मग कुकरची शिटी.

सगळं थिएटर त्या हसण्याला हसलं. विजयाबाईंचा हात आपसूक शेजारी गेला, वनमालाला ढोसायला. तिथं रिकामी खुर्ची होती. राग कुठल्या कुठे गेला होता.

मध्यंतरात यज्ञेश्वरराव पॉपकॉर्न घेऊन पायऱ्या चढत आले. पूर्वी लेडीजच्या जिन्यापाशी शेंगदाण्यांची पुडी आणून द्यायचे, अगदी तसेच. दिलं आणि वळले.

“बसा इथंच.”

“अवं, ही लेडीजची लाइन आहे.”

“मग तो काय कमलाबाई आहे?” विजयाबाईंनी पलीकडच्या तरुणाकडे बोट दाखवलं. तो बिचारा सावरून बसला. त्याच्या सोबतची मुलगी तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. “बैठिए ना अंकल!”

यज्ञेश्वरराव बसले. परीक्षेला बसावं तसे, हात मांडीवर ठेवून.

आता नायक घोडीसकट पोलीस ठाण्यात गेला, सासऱ्यानं त्यालाच हवालदार समजून सलाम ठोकला. थिएटर दणाणलं. विजयाबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांचे डोळे त्या मिशीवर. मिशी थरथरली, खांदे हलले, पण आवाज नाही. शिटी सुटलीच नाही. उलट यज्ञेश्वररावांनी हळूच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, त्या हसताहेत की नाही ते बघायला. नजर भिडली तशी दोघांनीही घाईघाईनं पॉपकॉर्नमध्ये हात घातला.

नायक-नायिकेचं शेवटी काय झालं, ते विजयाबाईंना आजही सांगता येत नाही.

बाहेर येऊन यज्ञेश्वररावांनी स्कूटरची किक मारली. विजयाबाई मागे बसल्या, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “अहो, बाजूले बसले तर हसले नाही. मग इतकी वर्षं खाली बसून एवढ्या जोरानं हसत होते, ते पिक्चर पाहून, का मी वर ऐकून राहिली म्हणून?”