काचेच्या पेटीची घंटा

"आता वीसेक मिनिटं थांबावं लागेल," मी म्हणालो.

सुपरिंटेंडेंट साहेबांच्या खोलीत, कूलरसमोरच्या टेबलावर आमच्या कारखान्याची काचेची पेटी ठेवली होती. खुर्चीत साहेब, शेजारी मेट्रन, आणि दाराजवळ सिस्टर कमल उभी. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. मेचा महिना, सत्तरच्या दशकातली गोष्ट. दवाखाना नागपुरातलाच, नाव लिहीत नाही.

आदल्या दिवशी दुपारी या पेटीत एक मूल गेलं होतं. मुलगी. सातव्या महिन्यात जन्मलेली, सहा दिवसांची. कापसाच्या बोळ्यानं दूध ओढायला लागली होती, असं मेट्रन म्हणाल्या. दुपारी तिचं अंग तापत गेलं आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता.

काचेची पेटी म्हणजे इनक्युबेटर. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही, म्हणून त्याला पारदर्शक झाकणाच्या पेटीत ठेवतात. खाली हीटर असतो. आतली हवा पुरेशी गरम झाली की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, गार झाली की पुन्हा लावतो. थर्मोस्टॅट म्हणजे उष्णतेवर चालणारं बटण, दुसरं काही नाही. ते बटण चिकटून बसलं आणि हीटर सुरूच राहिला तर मूल भाजेल. त्यासाठी आम्ही घंटा बसवली होती. आतली हवा अडतीस अंशांच्या पुढे गेली की वाजायची.

"घंटी वाजलीच नाही जी," सिस्टर कमल सकाळपासून एवढंच सांगत होती. "मी लेबर रूममधी होती. मधी एकच भिंत. वाजली असती तं पळत आली असती."

मी थर्मोस्टॅटचा स्क्रू मुद्दाम पिळून ठेवला, म्हणजे हीटर बंदच होणार नाही. हीटरचा लाल दिवा लागला. आम्ही सगळे त्या रिकाम्या पेटीकडे बघत बसलो. अठराव्या मिनिटाला घंटा अशी कडाडली की व्हरांड्यातला चपराशी आत डोकावला. साहेबांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर घंटेकडे बघत होती.

मी तिथेच बसून लिहून दिलं: यंत्र तपासले, हीटर, थर्मोस्टॅट व घंटा चालू स्थितीत, दोष आढळला नाही. खाली सही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मी हत्यारं पिशवीत भरत होतो तेव्हा शेजारच्या खोलीत सिस्टरच्या सस्पेन्शनची ऑर्डर टाइप व्हायला लागली होती. पेटी परत वॉर्डात न्या, असं मेट्रननी आयाला सांगितलं.

व्हरांड्यात एक माणूस उभा होता. काटोलकडचा, संत्र्याच्या मंडईत पेट्या ठोकणारा. हातातल्या पिशवीतून नवं टोपडं डोकावत होतं.

"तुमी पेटीवाले साहेब का?"

"हो."

"बिघडली होती का जी पेटी?"

"नाही. पेटी चांगली आहे."

त्यानं मान हलवली. "चांगली हाये न? मंग दुसऱ्या लेकराले ठेवतीन तिच्यात."

मी स्कूटरकडे गेलो.

स्कूटर तासाभर उन्हात उभी होती. मी बसलो आणि लगेच उठलो. सीटनं असा चटका दिला की शिवी तोंडात आली. इंजिन तर तासाभरापासून बंद होतं! त्या सीटकडे बघत मी उन्हातच उभा राहिलो.

पेटी वॉर्डात कुठे होती ते सिस्टरनं मला सकाळीच सांगितलं होतं. कूलरचे तुषार पेटीवर यायला लागले म्हणून ती पश्चिमेच्या खिडकीखाली सरकवली होती. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मला हीटरची चौकशी करायची होती. उन्हाला पारदर्शक झाकणातून आत यायला काही अडचण नसते. आत तापलेली हवा मात्र सहज बाहेर पडत नाही. हीटर बंद, थर्मोस्टॅट आपलं काम चोख करतोय, आणि पेटी तापतेय. मी तपासणी केली ती गार हवेच्या झोतात!

पण मग घंटा का वाजली नाही? याचं उत्तर नागपुरात एकाच माणसाकडे होतं, आणि तो भर उन्हात स्कूटरला धरून उभा होता.

हिंगण्याला आमची शेड पत्र्याची. एप्रिलमध्ये माल पॅक करताना पेट्या एकेक करून लावून बघायचो, तर घंटा थांबेचनात. एक गप्प केली की दुसरी सुरू. सगळे वैतागले. फिटर मेश्राम तेवढा म्हणाला होता, "साहेब, घंटी खोटं नाही बोलून राहिली. गरमच तं हाये."

मी हसलो होतो. "मेश्राम, आत मूल आहे का? हीटर लागलाय का? मग कशाला बोंबलते?"

आणि पेन्सिल घेऊन ड्रॉइंगवरची एक रेघ मी सरकवली. घंटेला वीज हीटरच्या वायरमधून द्यायची. हीटर लागला तरच घंटा जागी, हीटर बंद तर घंटाही मेली. शेडमध्ये शांतता झाली. मालकांनी पाठ थोपटली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'सुधारणा' असं लिहून मी झोकात सही केली होती.

तोवरच्या आमच्या सगळ्या चाचण्या डिसेंबर-जानेवारीतल्या. मुलाच्या जागी पाण्याचा डबा, डब्यात थर्मामीटर. पहाटेच्या गारठ्यात पेटी गरम राहील ना, ही एकच काळजी. उबवायचं यंत्र मेमध्ये काय करेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी जन्मानं नागपूरकर. मेचं ऊन मला कोणी शिकवायला नको होतं.

त्याच पावली मी परत आत जायला हवं होतं. गेलो नाही. आधी खात्री करून घेऊ म्हटलं. भित्र्या माणसाला खात्री फार लागते.

कारखान्याच्या अंगणात मी आणि मेश्रामनं एक पेटी उन्हात ठेवली, वीज जोडली. लाल दिवा एकदाही लागला नाही. आत टांगलेल्या थर्मामीटरचा पारा चाळीसवर गेला, मग चव्वेचाळीस, मग सत्तेचाळीस. घंटा गप्प. मेश्रामला 'मी म्हटलं होतं' असं म्हणता आलं असतं. त्यानं म्हटलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मालक बाहेर आले. आम्ही त्यांना बाबूजी म्हणायचो. मी सगळं सांगितलं.

"हीटर बंद होता न?" बाबूजी म्हणाले.

"बंद होता."

"मंग आपली मशीन काहून चुकली? ऊन काय आपण बनवून राहिलो?"

"घंटा आपण बनवतो, बाबूजी. ती मी मुकी केली."

"अन् तुझा रिपोर्ट? सही करून आला न तू? आता दुसरा देशीन तं पयला खोटा होता म्हणतीन. तू जाशीन, मी जाईन. हे पंधरा लोक कुठं जातीन, सांग ना गा!"

बाबूजी वाईट माणूस नव्हते आणि त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. मी एवढंच म्हणालो, "ती पेटी परत वॉर्डात गेली आहे. आज तिच्यात दुसरं मूल ठेवतील."

बाबूजी आत गेले आणि दार लावून घेतलं. तो होकार की नकार, हे विचारायला मी थांबलो नाही. ड्रॉइंगची गुंडाळी घेतली आणि स्कूटरला किक मारली.

चार वाजता वॉर्डात पोचलो तेव्हा पेटी त्याच खिडकीखाली होती आणि तिच्यात एक मुलगा होता. गाल लालबुंद. कोणाला न विचारता मी झाकण उघडलं. ड्यूटीवरची नर्स माझ्यावर ओरडली, मग तिचा हात मुलाला लागला आणि तिनं त्याला उचललंच. तो रडला. मुलाचं रडणं इतकं गोड असतं हे मला माझ्या स्वतःच्या मुलांच्या वेळीही कळलं नव्हतं.

साहेबांसमोर मी ड्रॉइंग पसरलं आणि दुसरा रिपोर्ट लिहिला. दोष यंत्रात आहे, दोष माझ्या सुधारणेमुळे आला, सकाळची तपासणी चुकीच्या जागी केली. साहेबांनी तो वाचला. सिस्टरची ऑर्डर त्यांनी थांबवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टर कमलच्या क्वार्टरवर गेलो. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, घंटा वाजली नव्हती, तुमचं खरं होतं, चूक माझी. हातातलं ओलं लुगडं तसंच धरून ती ऐकत होती.

"नाही वाजली?" तिनं विचारलं.

"नाही."

"काल तुमी वाजवून दाखवली न साहेब, तवा मले वाटलं, वाजली असन. मलेच आयकू आली नसन. तवापासून कानात वाजूनच राहिली ती." ती पायरीवर बसली. "मी त्या पोरीच्या मायच्या पाया पडून आली जी. तिले सांगून आली, घंटी वाजली होती माय, मलेच आयकू आली नाही. काल दुपारच्या गाडीनं गेले ते लोक."

मी दोनदा काटोलला गेलो. संत्र्याचा हंगाम संपलेला, मंडई ओस पडलेली. दवाखान्याच्या रजिस्टरात नवऱ्याचं नाव आणि 'काटोल' एवढंच होतं. तो माणूस सापडला नाही. कुठेतरी एक आई अजूनही सिस्टर कमलला दोष देत असेल आणि बाप आमच्या पेटीला चांगली म्हणत असेल.

आमच्या आणखी अकरा पेट्या विदर्भात गेल्या होत्या. मी आणि मेश्राम एसटीनं गावोगाव फिरलो आणि प्रत्येक घंटेची वायर जुन्या जागी जोडून आलो. एका पेटीला दहा मिनिटं लागायची. बाबूजींनी प्रवासाला ना म्हटलं नाही. पण पेट्यांचं काम त्यांनी बंद केलं, आणि दिवाळीच्या आत मीही दुसरीकडे लागलो.

नंतर तीस वर्षं मी यंत्रंच तपासली. घंटा उगाच वाजते अशी तक्रार आली की मी पकड पिशवीतच ठेवायचो आणि आधी थर्मामीटर काढायचो.