जावईबापूंनी पाळलेले रातकिडे

आमच्या जावयांना किड्यांची भीती वाटते असं मी म्हटलं तर ते महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत, म्हणून तसं म्हणत नाही. राग येतो, एवढंच म्हणते. बावीस वर्षं झाली, हा माणूस पेस्ट कंट्रोलचं काम करतोय. पाठीवर टाकी, हातात नळी, तोंडाला मास्क. झुरळ, ढेकूण, वाळवी, मुंगी, सगळ्यांवर असा दात धरून, की वाटावं यातल्या कुणीतरी यांच्या लग्नात येऊन यांचा अपमान केला असावा. घरात साखरेचा डबा उघडा ठेवून बघा, एक मुंगी फिरकायची नाही. मी लेकीकडे कायमची राहायला आले, त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच माझ्या बॅगेवर चारी बाजूंनी फवारणी झाली. मी पस्तीस वर्षं इस्पितळात नर्स, शेवटची दहा वर्षं अख्ख्या वॉर्डची मुख्य. माझ्या बॅगेत म्हणे ढेकूण! पण लेकीचा संसार, मूग गिळून गप्प बसले.

नातीला प्राणी पाळायचा होता. अकरा वर्षांची आहे, आणि एकदा भुणभुण लावली की तिच्यापुढे भलेभले हात टेकतात. माझ्या लेकीला केसांचं वावडं, मांजर नुसती जिन्यातून गेली तरी हिच्या दहा शिंका. एक दिवस जावई कामावरून वैतागून आले, पोरीने पुन्हा विषय काढला, तेव्हा ओरडले, "बिनकेसाचा कुठलाही प्राणी आण, माझं काही म्हणणं नाही!" पोरीने हे वाक्य वहीत लिहून काढलं आणि खाली त्यांची सही घेतली. सही करताना त्यांच्या डोळ्यांसमोर मासा असावा. पंधरा दिवसांनी घरात आला तो बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा.

"दाढी आहे, पण केस नाहीत," पोरीने आधीच खुलासा करून टाकला.

दोन महिन्यांचं पिल्लू. शेपटीसकट माझ्या वितीएवढं, वजन अठरा ग्रॅम. मान ताठ, हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि समोरचा माणूस अर्ज घेऊन आलाय अशा थाटात बघणं. पोरीने नाव ठेवलं साहेब. आमच्या इस्पितळाचे अधीक्षक अगदी असेच बघायचे, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

जावयांनी सुरुवातीला हौसेने सगळं केलं. खोटं कशाला बोलू? काचेची पेटी बसवली, एका टोकाला तापणारा दिवा, दुसरं टोक गार, वरून उन्हाची कसर भरून काढणारी खास ट्यूब. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन साहेबांच्या हाडांना उपयोगाचं नसतं, हे त्यांनी मला तीनदा समजावलं. थर्मामीटर घेऊन दर तासाला तापमान बघायचे. मग त्यांनी विचारलं, "हा भाजीपाला खातो ना?"

"मोठा झाला की जास्त. आत्ता थोडा बारीक चिरून. बाकी किडे," पोरीने सांगितलं.

"मेलेले?"

"जिवंत. रातकिडे. दिवसातून तीनदा, दहा मिनिटांत खाईल तेवढे."

जावयांचा चेहरा असा पडला, की मला पदर तोंडाला लावावा लागला. दुसऱ्या दिवशी दुकानातून तीनशे रातकिड्यांचा डबा आला. त्या डब्यातल्या प्रजेलाही जेवण लागतं, गाजर आणि पाला, म्हणजे त्यांच्यातलं सत्त्व साहेबांच्या पोटात जातं, हे कळल्यावर तर जावई खुर्चीतच बसले. "म्हणजे मी किड्यांना जेवायला घालायचं?" मी म्हटलं, "जावईबापू, बावीस वर्षं त्यांच्या जिवावर जेवलात, आता थोडे दिवस उलटं."

घरातली कामं वाटली गेली. किडा साहेबांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, नाहीतर घशाखाली उतरत नाही. म्हणून मी चष्मा लावून किडे निवडायला बसायची. पोर त्यांना पिशवीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायची. उरलेले किडे पेटीतून काढायचं काम जावयांकडे, कारण ठेवले तर तेच साहेबांना चावतात. पहिल्याच दिवशी एक किडा त्यांच्या बाहीवर उडाला. त्यांनी तो झटकला, चप्पल काढली आणि असा फटका हाणला की साहेबांचा गळा भीतीने काळा पडला.

"बाबा, तो त्याचा खाऊ होता!" पोर किंचाळली.

दुसऱ्या आठवड्यात डब्यातून चार किडे निसटून कपाटामागे गेले. मी कानांवर हात ठेवून तयारच होते, पण जावई ओरडले नाहीत. "होतं असं कधीकधी," म्हणाले आणि चहा पीत बसले. मला तिथेच शंका यायला हवी होती. ज्या माणसाच्या नाकावर कधी माशी बसली नाही, तो घरात चार किडे मोकळे सुटल्यावर चहा पितो?

पुढच्या दोन-तीन दिवसांत किडे सुस्तावले. निवडताना पळायचे नाहीत, पाय झाडत पडून राहायचे. आणि मी, पस्तीस वर्षांचा अनुभव, काय म्हणाले? "बरंच झालं, साहेबांना पकडायला सोपं." हे माझे शब्द आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत. मी तेच किडे वाटीत भरून नातीच्या हातात दिले.

मग साहेबांनी जेवण सोडलं. आधी दोन किडे उरले, मग दहा, मग वाटी तशीच परत. मान थरथरायला लागली. काट्यावर ठेवलं तर सोळा ग्रॅम. मी निदान केलं, पोट साफ नाही. झाकणात कोमट पाणी घेऊन साहेबांना बसवलं, हळूहळू पोट चोळलं. पोट साफ झालं, मान थरथरतच राहिली. पोरीचं शाळेत लक्ष लागेना. घरी आली की दप्तरासकट पेटीसमोर बसायची.

जावयांची धावपळ तर बघवत नव्हती. कामावरून लवकर यायचे. दिवा बदलला, ट्यूब बदलली, दुकानदाराला फोन करून झापलं की आजारीच पिल्लू गळ्यात मारलंस. पोरीने त्यांना तीनदा विचारलं, "बाबा, घरात काही फवारलंस का?" तिन्ही वेळा उत्तर एकच, "छे! घरात कशाला फवारीन?"

शेवटी सगळे मिळून प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण बाई होती, पक्षी, कासवं, सरडे बघणारी. साहेबांना तळहातावर घेतलं, उलटं करून बघितलं, तोंड उघडून बघितलं. मग तिने जावयांच्या शर्टकडे पाहिलं. कामावरून तडक आले होते, खिशावर झुरळ आणि झुरळावर लाल फुली.

"घरात कीटकनाशक मारलंय का?"

आणि जावयांचा आवाजच बदलला. गिऱ्हाइकांशी बोलतात ना, तो गोड आवाज. "डॉक्टर, आमचं औषध शंभर टक्के सुरक्षित आहे. वास नाही, डाग नाही. लहान बाळं, म्हातारी माणसं, पाळीव प्राणी, कुणालाही काही अपाय नाही."

"औषध कसं आहे ते मी नाही विचारलं," डॉक्टर म्हणाली. "मारलंय का, एवढंच विचारलं. कुठलं ते कळलं नाही तर मला अंदाजाने इलाज करावा लागेल. सोळा ग्रॅमच्या जिवावर अंदाज चालत नाहीत. मरेल हा."

पोर साहेबांकडे बघत नव्हती. बापाकडे बघत होती.

"कपाटाच्या फळीला," जावई म्हणाले. गोड आवाज पार गेला होता. "किड्यांचा डबा ठेवतो तिथे. डब्याला पण, बाहेरून. दोनदा. जे पळतील तेवढेच मरावेत म्हणून." डब्याला हवेसाठी भोकं आहेत हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, कमी वाटली म्हणून जादा भोकं त्यांनीच पाडली होती. मग त्यांनी औषधाचं नाव सांगितलं, किती टक्क्यांचं ते सांगितलं, कुठल्या दिवशी मारलं ते सांगितलं. पेशंटच्या उशाशी उभं राहून खोटं बोलणाऱ्या नातेवाइकांना मी आयुष्यभर फैलावर घेतलं. पण यांना कुठल्या तोंडाने बोलणार? सुस्त किडे निवडून देणारे हात माझे होते.

घरी आल्याआल्या साफसफाई सुरू झाली. डबा घराबाहेर गेला. जावयांनी फळी साबणाने तीनदा घासली, मग स्क्रू काढून फळीच उचलून नेली. किड्यांचा नवा डबा माझ्या खोलीत आला. साहेबांना थेंबथेंब औषध, ऊब आणि शांतता. पेटीजवळ यायची जावयांना बंदी. आंघोळ करून, घरातले कपडे घालून ते बिचारे दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "खाल्लं का?"

"आजी, त्यांना सांग, नाही खाल्लं," पोर म्हणायची.

त्यांना! जन्मल्यापासून बापाला अरे-तुरे करणारी पोर. माझ्या लेकीने मध्यस्थी करून पाहिली, तिलाही उत्तर मिळालं, "त्यांना सांग, मी अभ्यास करतेय." जावई ऐकायचे आणि पुन्हा दारात येऊन उभे राहायचे. मला वाईट वाटायचं, आणि वाटून रागही यायचा, कारण चूक त्यांचीच होती.

सहाव्या दिवशी साहेबांनी मान सरळ केली. सातव्या दिवशी दोन किडे. दहाव्या दिवशी काटा साडेसतरावर गेला, आणि संध्याकाळी पोरीने दाराकडे न बघताच हाक मारली, "बाबा, ये."

जावई आत आले.

"हात धुतलेस?"

"दोनदा."

"कोपरापर्यंत?"

"आंघोळच केली."

तिने चिमटा त्यांच्या हातात दिला. चिमट्यात जिवंत रातकिडा वळवळत होता आणि जावयांनी एक डोळा मिटून तो पुढे केला. साहेबांनी अर्ज वाचावा तसा वेळ घेतला. मग जीभ बाहेर आली आणि किडा गेला.

"आई, खाल्लं!" जावई ओरडले. "अहो, माझ्या हातून खाल्लं!" डोळे पुसायला खिशात रुमालही नव्हता, माझ्या लेकीने ओढणी पुढे केली.

पोर हसली. पेटीचं झाकण लावता लावता सहज विचारल्यासारखं म्हणाली, "आज कुठे गेला होतास?"

"नवीन इमारतीत. तिसरा मजला. झुरळं होती."

"काय मारलंस?"

त्यांनी नाव सांगितलं. डॉक्टरला सांगितलं होतं तेच.

"कोण राहतं तिथे?"

"नवरा-बायको." थोडा वेळ ते चिमटा पुसत राहिले. "आणि एक बाळ आहे. रांगतं."

"त्यांना काय सांगितलंस?"

काय सांगितलं असणार ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पोर रागावली नाही, तिने नुसता टेबलावरचा फोन उचलून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं असेल, सासूबाई काहीतरी बोलून वेळ मारून नेतील. मी म्हटलं, "लावा."

पलीकडून एका बाईचा आवाज आला, मागे कुणीतरी वाटी आपटत होतं.

"ताई, मी सकाळी फवारणी करून गेलो तो," जावई म्हणाले. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. बाळ आत्ता कुठे आहे?"