बेडशाच्या बांधावरचा कोरा कागद

पुण्याहून सकाळच्या लोकलने निघालो तेव्हा भाची शैला खिडकीशी होती आणि गवसणीतली तिची रायफल माझ्या मांडीवर. तिकीट तपासनिसाने विचारले, "सतार का?" मी मान डोलावली. परवाना खिशात होता. पण खरे सांगितले असते तर कामशेतपर्यंत बोलत बसावे लागले असते.

शैला शाळेत भूगोल शिकवते. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी महिला नेमबाजांच्या दोन जागा होत्या आणि उमेदवार तिघी. निवड चाचणी बेडशाला, लेण्यांच्या डोंगराखाली मातीचा बांध घालून केलेल्या मैदानावर होती. कामशेतला उतरून एसटीने फाट्यापर्यंत आणि पुढे कापणी झालेल्या भातखाचरांतून चालत गेलो.

मैदानावर केळीचे खुंट लावलेली कमान होती आणि खुर्च्यांवर पांढरी आच्छादने. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते येईपर्यंत कार्यवाह दर दहा मिनिटांनी त्यांच्या येण्याची बातमी ध्वनिक्षेपकावरून देत होते.

जमिनीवर पालथे पडून झाडायच्या दहा-दहा गोळ्यांच्या तीन फेऱ्या होत्या. दोन फेऱ्यांनंतर तिघींत फारसा फरक नव्हता. तिसरी संपवून शैला उठली. ती सहसा हसत नाही, तेव्हा हसली. "मामा, ही जमली."

आम्ही पंचांबरोबर बांधाकडे गेलो. निशाण्यांच्या ओळीतल्या पहिल्याच, शैलाच्या फळीवर कोरा करकरीत कागद होता आणि गावातले एक आबा हातातली खळ (पिठाची चिकट पेज) धोतराला पुसत होते.

"आबा, हे काय केलंत?" पंच ओरडले.

"कार्यवाह सायेबच म्हनलं, पावनं बघाया येनार, समदं नीटनेटकं करा. भोकं पडल्याला कागद बरा दिसतुय व्हय?"

"अहो, ती भोकंच मोजायची होती!"

"सरावाला रोज असाच डकवत हुतो की. तवा न्हाई कुनी बोललं."

कागद सोडवू जाता फाटू लागला. नियमाप्रमाणे शैलाची तिसरी फेरी पुन्हा. आबा खाली मान घालून उभे होते. शैला त्यांना एवढेच म्हणाली, "आबा, दुसरा कागद नीट बसवा हं."

एव्हाना पवना धरणाकडून वारा सुटला होता. शैला दोन गुणांनी मागे पडली. राखीव.

मग पाहुणे आले. बांधाजवळ चिखल आहे हे कळल्यावर त्यांनी खुर्चीवरूनच समाधान व्यक्त केले. कागद कोणीच पाहिला नाही.

जेवणात आंबेमोहोराचा भात आणि हुलग्याचे (कुळथाचे) झणझणीत कालवण होते. शैलाने भात दोनदा घेतला. मी मात्र अर्ध्या पानावरून उठलो.

फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो, तेवढ्यात आबा धापा टाकत आले. केळीच्या पानात ओले कागद होते, दोन्ही एकमेकांना चिकटलेले.

"म्हातारीनं गरम पानी वतून फळीवरनं सोडिवला, ताई. लय चुकलं माजं. आतलं तुमीच बघा."

"बघते, आबा. मावशींना नमस्कार सांगा."

परतीच्या लोकलमध्ये तळेगाव गेल्यावर तिने पान उघडले. वरच्या कोऱ्या कागदाची कड नखाने उचलून हळूहळू मधल्या काळ्या वर्तुळापर्यंत सोलली. पहिले भोक दिसले. अगदी मधोमध. ती थांबली.

"बाकीची?" मी विचारले.

तिने कोरा कागद तळव्याने पुन्हा दाबून बसवला.

"बाकीची बघितली तर आबांवर राग येईल," ती म्हणाली. "आणि पुढच्या चाचणीला फळ्या तेच लावणार आहेत."