सतरा खोक्यांतली गाडी

आमच्या डब्लिनजवळच्या, स्वोर्ड्सच्या घराला गॅरेज आहे. त्यात गाडी एकच मावते, किस्से मात्र कितीही! गेल्या दोन वर्षांत ते इतके साठलेत, की कोणाकडे जेवायला गेलं की ताट वाढायच्या आधी विचारणा होते, "केतकी, गाडीचं काय झालं?" म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

आधी नवऱ्याची ओळख. मंदार सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर लिहितो आणि बारा वर्षं वीकेंडला हौशी रेसिंग करायचा. म्हणजे जुनी गाडी घ्यायची, आतल्या सीट्स काढून टाकायच्या आणि किल्डेअरच्या ट्रॅकवर जाऊन सातवं यायचं. एकदा मात्र त्याचा फोन आला, "केतकी, तिसरा आलो!"

मी हरखून विचारलं, "रेस पूर्ण केली किती जणांनी?"

"तिघांनी."

कराडला सासऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. हेल्मेट घातलेला फोटो एकदा चुकून फॅमिली ग्रुपवर गेला, तेव्हा मंदारसाहेबांनी खाली लिहिलं, "इथे थंडी फार आहे!"

* * *

पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच्या कमरेने राजीनामा दिला आणि रेसिंग बंद झालं. मी पेढे वाटले. ते संपायच्या आत इंग्लंडहून बोटीने सतरा खोकी आली. त्यात एक गाडी होती. सुटी!

"घरी जोडायची असते," मंदार म्हणाला. खेळणं मिळालेल्या पोरासारखा चेहरा.

मदतीला शेजारचा डेक्लन होता. आयुष्यभर बस दुरुस्त करून निवृत्त झालेला, मंदारचा रेसिंगमधला सोबती. पहिल्याच शनिवारी दोघं माहितीपुस्तकातल्या एका वाक्याशी अडले. 'स्टिअरिंग नेहमीच्या पद्धतीने बसवावे.'

"नेहमीची म्हणजे कुठली?" मंदार हवालदिल.

डेक्लनने चहाचा घोट घेतला. "अरे, चुकली की कळेलच!"

* * *

मंदारला ऑफिसची सवय. गॅरेजच्या भिंतीवर त्याने रंगीत चिठ्ठ्यांचा बोर्ड लावला. शनिवारी बरोबर नऊला मीटिंग, तीही उभ्याने. काल काय केलं, आज काय करणार, कामात अडथळा कशाचा?

डेक्लन बिचारा दोन आठवडे उत्तरं देत राहिला. तिसऱ्या शनिवारी म्हणाला, "काल काही नाही. आज बघू. अडथळा फक्त तुझा!"

बोर्ड उतरला. गाडी पुढे सरकायला लागली.

* * *

सुटे भाग हळूहळू घरात शिरले. माझी लेक इरा मराठी सगळं समजते, पण उत्तर देते ते डब्लिनी इंग्लिशमध्ये. एकदा मी पोहे शोधत होते, तर वरून तिचा आवाज आला, "मॅम, दे आर इन द प्रेस, बिहाइंड द ब्रेक्स!" मॅम म्हणजे मी, आई; आणि प्रेस म्हणजे इथलं कपाट. उघडलं, तर खरंच ब्रेकच्या मागे पोहे.

पण कळस झाला गणपतीत. बेअरिंग गार केलं की किंचित आक्रसतं आणि जागेवर सहज बसतं म्हणे. म्हणून मंदारने दोन बेअरिंग माझ्या फ्रीझरमध्ये ठेवली. तेही आइस्क्रीमच्या डब्यात! आता मराठी घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सोडून काहीही असतं. माझ्या तसल्याच डब्यात उकडीचे मोदक होते. घाईत एक डबा उचलला आणि ब्लँचर्डस्टाउनच्या मराठी मंडळात नेऊन दिला.

आरती झाली, झाकण निघालं. नागपूरच्या एक काकू लेकीकडे आल्या होत्या. त्या डब्यात वाकून म्हणाल्या, "फार कडक झाले वाटतं. तूप आणा!"

* * *

मग आप्पा आले, म्हणजे माझे सासरे. तीन महिन्यांसाठी.

आप्पा तरुणपणी ट्रकवर क्लीनर होते, मग चाळीस वर्षं त्यांनी कराडला ट्रकचं गॅरेज चालवलं, पण मुलाला त्याच्या पायरीवर चढू दिलं नाही. अजूनही भेटेल त्याला ठसक्यात सांगतात, "पोरगा सायब हाय माजा. हाताला काळं लागत न्हाई त्येच्या!"

पहिल्याच जेवणाला त्यांनी मंदारची नखं पाहिली. घास तसाच हातात राहिला.

"ह्येच्यासाठी शिकिवला व्हय रं तुला?"

त्यानंतर मंदार ग्लोव्हज घालायचा, जेवणाआधी लिंबू-साखरेने नखं घासायचा. पंचेचाळिशी उलटलेला बाप्या माणूस, पण वडील बघतील म्हणून हात खिशात! मला फार वाईट वाटायचं. त्याला एकदा तरी आप्पांना त्या गाडीत बसवायचं होतं. आणि आप्पा गॅरेजमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हते.

* * *

इंजिन सुरू करायचा दिवस आला. किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. मंदारने लॅपटॉप जोडला, डेक्लनने पाठ खाजवली. दोन तास गेले.

आप्पा स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभे होते. उंबऱ्याच्या आतच. शेवटी राहवलं नाही.

"अर्थिंगची वायर बघ. रंगावरच आवळलीयास. खरवड तो रंग!"

मंदारने खालचा रंग खरवडला, वायर पुन्हा आवळली, किल्ली फिरवली. गाडी अशी गरजली, की शेजारचं कुत्रं झुडपात शिरलं! डेक्लन ओरडला, "युअर मॅन इज अ जीनियस!" 'युअर मॅन' म्हणजे डब्लिनी भाषेत 'हा गडी'.

आम्ही वळून पाहिलं. आप्पा आत गेले होते. "च्या गार झाला," एवढंच ऐकू आलं.

* * *

सरकारी तपासणीत गाडी दुसऱ्या खेपेला पास झाली. आप्पांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी मंदारने ती दारात आणून उभी केली. आप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग कानटोपी चढवली आणि डावीकडे बसले. "हळू चालीव."

मी आणि इरा मागून आमच्या गाडीत. समुद्राकडच्या अरुंद रस्त्याला लागलो आणि बघतो तर काय, आप्पांमधला क्लीनर जागा झालेला! गाडीला छप्पर नाही, त्यामुळे आवाज थेट मागे. प्रत्येक वळणावर दारावर थाप, "येऊ दे, येऊ दे... डावीकडं दाब!" मागून आलेल्या ट्रॅक्टरला तर त्यांनी हात हलवून पुढे काढलं. एवढी मेहनत करून बांधलेली स्पोर्ट्स कार, तिला ट्रॅक्टरने मागे टाकलं!

घरी उतरल्यावर मंदार आशेने बघत राहिला. आप्पा म्हणाले, "ब्रेक डाव्या अंगाला वढतोय." आणि बॅग भरायला गेले.

मंदारचं तोंड एवढंसं झालं.

* * *

दुसऱ्या दिवशी आप्पा आणि मी एकाच विमानाने निघालो; माझ्या भावाचं लग्न होतं. मंदार विमानतळाबाहेरूनच पाया पडून परत गेला.

सिक्युरिटीला आप्पांची पिशवी बाजूला घेतली. तिथल्या बाईंनी टॉवेलची गुंडाळी सोडवली, तर आत एक पाना! मंदारच्या गॅरेजमधला, ग्रीसने बरबटलेला.

मी कपाळाला हात लावला. "आप्पा, अहो, हे काय? कराडात काय पान्यांचा दुष्काळ पडलाय?"

आप्पा माझ्याकडे बघेचनात. बाईंनी त्यांना विचारलं, "हा तुमचा का?"

तीन महिन्यांत आप्पा एक शब्द इंग्लिश बोलले नव्हते. आता ताठ उभे राहिले.

"नो. माय सन." आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "मेकॅनिक!"