पापण्यांनी वेचायचं मीठ

बर्फ पडला की आमच्या दारातली वाट बायको मोकळी करायची आणि मी चहाचा कप धरून उंबऱ्यात उभा राहायचो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना सुरुवातीला हे विचित्र वाटलं असणार. पण माझ्या कमरेतली एक चकती तेव्हाच सरकलेली होती, आणि बायको इथे मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांच्या पाठी सांभाळणारी बाई नवऱ्याच्या हाती फावडं कशी देईल?

ऑक्टोबरात ती गेली. जानेवारीत बर्फ पडला.

सकाळीच दूर दक्षिणेतल्या ब्रॅकनेलहून मुलीचा फोन आला. "बाबा, फावड्याला हात लावू नका हं. तुमची बॅक गेली तर मी वीकडेला कशी येणार? मग सरळ इकडे राहायला यायचं. नो आर्ग्युमेंट."

तसं आमचं ठरलंच होतं. पाठीने दगा दिला की मी घर विकून तिच्याकडे जायचं, तोवर नाही. पण या घरात बायकोचा चष्मा अजून फ्रिजवर होता. तो उचलून कुठे ठेवायचा, हे मला सुचलं नव्हतं.

म्हणून मी फावडं घेतलं. तिच्यासारखा आधी दोनदा जिना चढलो-उतरलो, अंग गरम व्हावं म्हणून. तिच्या सूचना इतकी वर्षं कानावर पडत होत्या, त्या आता उपयोगी आल्या. फावड्याचा घास लहान घ्यायचा. उचलण्यापेक्षा ढकलायचं. वाकायचं ते गुडघ्यांतून. बर्फ बाजूला टाकताना कंबर पिळायची नाही, पाय वळवायचे. दर थोड्या वेळाने सरळ उभं राहून श्वास घ्यायचा. तासाभरात एक माणूस जाईल एवढी वाट झाली. कंबर शाबूत होती. हे तिला सांगायला मी उंबऱ्याकडे वळलो, तर तो रिकामा.

मग कुणी घसरू नये म्हणून ती वाटेवर जाडं मीठ टाकायची. शेडमध्ये तिची अर्धी गोणी होती. ती उघडली आणि माझी आई आठवली. एका हिवाळ्यात पुण्याहून आली होती. सुनेला पायवाटेवर मुठी-मुठींनी मीठ उधळताना पाहून हादरलीच. "अगं, सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं!"

"वेचेन की आई," बायको म्हणाली होती, "पण गुडघ्यांतून वाकून. कमरेतून नाही."

तेव्हा आम्ही तिघंही खूप हसलो होतो. आता मला मूठ भरवेना. पुस्तकांत आयुष्य गेलेला माणूस मी, असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी गोणी बांधून ठेवली आणि आईच्या दारी रोज व्हायचं तेच केलं: बादलीभर गरम पाण्याने पायरी आणि वाट स्वच्छ धुतली. बादली एकाच हाताने नेली, तिच्या नियमांत ते चूकच. बर्फाचा कण राहिला नाही. मला जरा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची बाटली आणायला निघालो. पायरी ओली दिसत होती. ओली नव्हती, कालचं पाणी रात्रीत गोठून तिची काच झाली होती. पाय सटकला, कठडा हाती लागला आणि कमरेतून एक कळ वर गेली. मी तसाच लोंबकळत राहिलो. ही कळ पायात उतरली तर चकती पुन्हा सरकली आणि हे घर संपलं, हे मला माहीत होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. समोरचे पडदे अजून बंद होते.

कळ पायात उतरली नाही. हळूहळू ओसरली.

मी मागच्या दाराने गोणी आणली, उचलून नव्हे, ओढत. पायरीवर, वाटेवर आणि शेजारच्या बाईंच्या दारापर्यंत मीठ टाकलं. प्रत्येक मुठीला गुडघ्यांतून वाकलो. इतके हिवाळे तिने एकटीने टाकलेलं मीठ तिकडे पडून असेल. आता माझंही त्यात मिसळलं. वेचायला निदान दोघं असू.

संध्याकाळी मुलीला सगळं खरं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

"मीठ टाकलंत ना पण?"

"टाकलं."

"आजी ओरडली असती," ती म्हणाली. ब्रॅकनेलला राहायला येण्याचा विषय तिने काढला नाही.