चार वर्षांची मुलं गेली कुठे?

त्या वर्षी लखनौच्या सरोजिनी नगरातल्या चार वर्षांच्या मुलांनी बहुधा सामुदायिक संन्यास घेतला होता. तीन वर्षांची मुलं होती, सहा वर्षांची तर रग्गड होती, पण चार वर्षांचं मूल औषधालाही सापडत नव्हतं. आमच्याच आरोग्य पाहणीच्या तक्त्यात ते स्वच्छ दिसत होतं. घरोघर जाऊन माणसं किती, कोण कशाने आजारी, कुठली लस कधी टोचली, हे विचारायची ती पाहणी. आणि मी तिथे पर्यवेक्षक. नवरा हवाई दलात, बदली लखनौला. अलीगंजच्या भाड्याच्या घरात माश्या मारण्यापेक्षा माणसं मोजलेली बरी, एवढ्याच समाजसेवेच्या भावनेने मी ही नोकरी धरली होती. तक्ता पाहून मला काहीच खटकलं नाही. लखनौची हवा मुलांना मानवते, पटापट मोठी होतात, असं म्हणून मी तो बाजूला ठेवला.

माझ्या हाताखाली मुलाखती घेणाऱ्या चार बायका होत्या. त्यातली एक भारीच चलाख. इतरांचं एक घर होईपर्यंत तिची दोन उरकायची. मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी भर बैठकीत आमच्या तुकडीचं कौतुक केलं, "सबसे तेज़, सबसे साफ़ डेटा!" आणि मला एक स्टीलचा थर्मास दिला. बायकांना टाळ्या मिळाल्या. थर्मास मी काचेच्या कपाटात मांडला. लेक म्हणाली, "मम्मा, इसमें चाय तो डालो." मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

पर्यवेक्षकाने काही घरांत स्वतः पुन्हा जाऊन माहिती पडताळायची, असा नियम आहे. मी ती जीपमध्ये एसीत बसून, टॅबवर सही करून पडताळत असे. त्या दिवशी एसी बिघडला, म्हणून मी कर्तव्य केलं.

कानपूर रोडवरून आत गेल्यावर एका खोलीचं घर होतं. दारात एक मुलगी चहाच्या फुटक्या मातीच्या कुल्हडचा तुकडा चघळत बसली होती. चहाच्या टपरीमागून हे तुकडे ती वेचून आणते, असं आई म्हणाली. "मिट्टी खाती है दीदी, कितना भी डाँटो." मला आपली गंमत वाटली. टॅबवर तिचं वय सहा होतं. ती सहाची दिसत नव्हती, पण गरिबाघरची मुलं दिसतातच लहान, अशी माझी मीच समजूत घातली आणि निघाले. तेवढ्यात आईने आपण होऊन पत्र्याच्या पेटीतून लसीकरणाचं कार्ड काढून पुढे केलं. कार्डाप्रमाणे मुलगी चारची होती.

"छह? नहीं दीदी, चार की है. वो पहले वाली मैडम बोलीं, छह लिख देते हैं, जल्दी हो जाएगा. आपका भी चूल्हा पड़ा है, हमारा भी काम."

पाच वर्षांखालचं मूल नोंदवलं की टॅबवर प्रश्नांचं भलंमोठं शेपूट उघडतं. दूध, जुलाब, लसी, वजन, उंची, आणि शेवटी बोटाला सुई टोचून रक्ताची तपासणी. मूल रडतं, आई वैतागते, तास जातो. मूल सहाचं असलं की यातलं काहीच उघडत नाही. आमचा साफ डेटा हा असा साफ झाला होता.

रक्त तपासणारी बाई जीपमध्येच बसलेली होती. आमच्या तुकडीत तिला फारसं काम कधी नसायचंच. मी तिला बोलावलं. तिने सुई टोचली. मुलगी रडलीसुद्धा नाही, नुसती बोटाकडे पाहत राहिली. यंत्रावरचा आकडा पाहून बाईने दुसरं बोट टोचलं. आकडा जवळपास तोच आला. मग तिने एक चिठ्ठी फाडून आईच्या हातात दिली. अंगात रक्त फारच कमी असलं तर मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्या, असं सांगणारी ती चिठ्ठी असते. माती खायची ओढही बहुधा रक्त कमी असल्यानेच लागते. पहिली मुलाखत होऊन सव्वा महिना झाला होता. तेव्हा खरं वय लिहिलं असतं, तर ही चिठ्ठी तेव्हाच मिळाली असती. सव्वा महिना ती पोर माती खात होती आणि मी थर्मास पुसत होते. मला स्वतःची लाज वाटली. आणि मला लाज वाटली की मी दुसऱ्यावर ओरडते.

संध्याकाळी त्या चलाख बाईला मी चांगली फैलावर घेतली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पर्स खांद्याला लावत म्हणाली, "मैडम, रोज़ कितने घर होने हैं, ये आपने ही तय किया था. और हर फॉर्म पर दस्तखत भी आपके ही हैं." तिला चारबागला जाणारा टेम्पो गाठायचा होता, ती गेली.

पुढे अहवालात मी दोघींचाही दोष लिहिला. यात शौर्य काही नव्हतं, सह्या लपवणार कुठे? साहेब फार हळहळले, मुलीसाठी नव्हे, तक्त्यासाठी. "इतने अच्छे नंबर आ रहे थे," म्हणाले. सहा वर्षांची सगळी मुलं पुन्हा तपासायचा हुकूम मात्र निघाला. थर्मास कुणी परत मागितला नाही.

पण अहवाल वगैरे नंतरचं. चिठ्ठी हातात पडली की लोक लगेच दवाखान्यात धावतात, असा आमच्या कार्यालयाचा गोड समज आहे. माझा तो समज गळून पडला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्या मायलेकींना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. रांगेत मुलगी आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. मुठीत कुल्हडचा तुकडा होताच. आमचा नंबर आला. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "बच्ची की उमर?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"दीदी," तिने हळूच विचारलं, "यहाँ कितनी लिखवानी है?"